जखमी क्रमांक तीन

(चंडीगडजवळचं खरड. रविवार, सकाळचे साडेअकरा. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट.)

उर्मिला : पायाला हात लावू नका. मोडलाय.

अच्युत : मोडलाय? कधी?

उर्मिला : दहा वाजता. भोंगा वाजला तेव्हाच. डावा.

अच्युत : अगं, मग मला फोन नाही करायचा? थांब, हलू नकोस. आणि हे गळ्यात काय अडकवलंयस?

उर्मिला : वाचा की. तुमचंच अक्षर आहे.

अच्युत : ‘जखमी क्रमांक तीन. डावा पाय मोडला. शुद्धीवर. चालू शकत नाही.’ अरे देवा.

उर्मिला : देव खाली पार्कातच असणार तुमच्याबरोबर. छोले-कुलचे खात.

अच्युत : म्हणजे तू दीड तास अशीच बसून आहेस?

उर्मिला : शुद्धीवर. मध्ये एकदा उठून कुकर लावला, तेवढं माफ करा. मोडक्या पायानं तीन शिट्ट्या घेतल्या आणि परत येऊन जागेवर बसले. म्हटलं, स्ट्रेचरवाले आले आणि जखमी जागेवर नाही, तर सुभेदार साहेबांची सोसायटीत काय शोभा राहील?

अच्युत : स्ट्रेचर पार्टी आलीच नाही?

उर्मिला : एक कबुतर आलं होतं बाल्कनीत. मला बघून गेलं. त्याच्याकडे स्ट्रेचर नव्हतं.

अच्युत : पण खाली तर सगळं फर्स्ट क्लास झालं! नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत दोन्ही ब्लॉक रिकामे. नगरपालिकेचे साहेब स्वतः घड्याळ लावून उभे होते. म्हणाले, सुभेदार साहब, पूरे खरड में ऐसी मॉक ड्रिल नहीं हुई. चार वाजता ते रिपोर्ट घ्यायला येतायत. उद्या त्याच्या झेरॉक्स काढून गावातल्या सगळ्या सोसायट्यांना वाटणार आहेत. आपला प्लॅन, उर्मिला! खानपूरपासून लांडरां रोडपर्यंत सगळीकडे आपला प्लॅन!

उर्मिला : छान झालं. किती माणसं उतरली?

अच्युत : एकशे बारा. हेडकाउंट एकशे बारा. एकही कमी नाही.

उर्मिला : मला धरून?

अच्युत : म्हणजे...

उर्मिला : सरळ सांगा की. मी खाली होते का नव्हते?

अच्युत : कागदावर होतीस.

उर्मिला : कशी दिसत होते?

अच्युत : उर्मिला, प्लीज.

उर्मिला : बेल वाजतेय. दार उघडा. मी चालू शकत नाही.

ओजस्विनी : काका, तुम्ही वर कधी आले? मी खाली शोधून राहिले तुम्हाला. काकू, हे घ्या, गरम कुलचे, सिद्धू आंटीनं तुमच्यासाठी मुद्दाम... बाप्पा! हे कार्ड काहून घातलं तुम्ही?

उर्मिला : ये गं ओजस्विनी. बघा, दुसऱ्या मजल्यावरची पोरगी हातात दोन डिशा घेऊन चौथ्या मजल्यावर येऊ शकते. लिफ्ट बंद असताना. रिपोर्टात लिहा हे.

ओजस्विनी : जखमी क्रमांक तीन? पण जखमी तर दोनच होते नं! नरेंद्रजी आणि अभिषेक. दोघांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या, दोघांना आणलं आम्ही खाली. नरेंद्रजींना तर दोनदा पाडलं यार.

उर्मिला : मग ते खरोखरचेच जखमी झाले म्हणायचे.

ओजस्विनी : थोडेसे. कोपराला आयोडीन लावलं. ते म्हणतात, पुढच्या वेळी मला मेलेला दाखवा, म्हणजे कुणी उचलणार नाही.

अच्युत : तिसरी कॅज्युअल्टी गुप्त होती. फक्त मला माहीत. टीमला सगळं आधीच सांगून ठेवलं तर ती ड्रिल कसली? हेडकाउंटला एक माणूस कमी भरणार, मग टीमनं यादी बघायची, कोण नाही ते शोधायचं, वर जायचं आणि आणायचं. खरी परीक्षा ती होती.

ओजस्विनी : पण काका, काउंट तर बरोबर आला. कमीच नाही भरला, तर आम्ही कोणाला शोधणार?

अच्युत : हो.

ओजस्विनी : थांबा, माझ्या मोबाइलमध्ये शीट आहे. बी ब्लॉक, चौथा मजला. त्या मजल्याची हजेरी घेणारे... तुम्हीच. फ्लॅट चारशे एक, अभिषेक, टिक. चारशे दोन बंद. चारशे तीन, काका टिक, काकू टिक.

उर्मिला : कोणी केली ती टिक?

अच्युत : मी.

उर्मिला : मला बघून?

अच्युत : बघायचं काय त्यात? आपल्याच घराला कोण विचारत बसतं? बाकी एकशे दहा माणसं मी मजल्यांच्या याद्यांवरून पुन्हा नाव पुकारून, डोळ्यांनी बघून मोजली. सिद्धूंच्या म्हाताऱ्या आईला चष्मा काढायला लावून खात्री केली. आपल्या रकान्याला आलो आणि हात आपोआप चालला. सवय झालीय.

उर्मिला : एकतीस वर्षं फौजेत सिग्नलला होता ना हो तुम्ही? निरोप पोचवायचं खातं ना ते?

ओजस्विनी : काकू, नका नं. काकांचा चेहरा बघा.

उर्मिला : बघतेय की. दीड तासानं बघायला मिळालाय.

अच्युत : चूक झाली. मान्य. गुप्त जखमी मीच ठेवला आणि मीच त्याला हजर दाखवला. असली चूक रिक्रूटनं केली असती तर मी त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या.

उर्मिला : मारा मग. पार्क रिकामं आहे आता.

ओजस्विनी : पण काकू, खरं सांगू? खाली मजा चालली होती. भोंगा वाजला तर सिद्धू आंटी पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन उतरल्या. एका काकांनी गाडी काढली. म्हणे, आग लागली तर गाडी आधी वाचवायची. मग ती गाडी गेटमध्ये आडवी, आणि फायर ब्रिगेडची गाडी बाहेर हॉर्न मारून राहिली.

उर्मिला : हे असंच चालायचं इथं. त्या जुलैत पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं, आठवतं का? तेव्हा तुमचा प्लॅन नव्हता आणि तुम्ही वॉर्डनही नव्हता. गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून नुसतं एकदा सांगितलं, तर अर्ध्या तासात चार ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरच्या मागे चहा, चहाच्या मागे लंगर. खरडला काही झालं की आधी जेवण पोचतं.

अच्युत : आणि माणसं? ट्रॅक्टरवाल्याला कोण सांगणार वर कोण अडकलंय ते? म्हणून तर यादी करतोय मी. बरं, ते राहू दे. ओजस्विनी, स्टॉपवॉच आहे?

ओजस्विनी : आहे की. काहून?

अच्युत : आत्ताच्या आत्ता ड्रिल पुरी करू. उर्मिला, ते कार्ड काढ. जखमी वगैरे काही नाही. नुसती जिन्यानं खाली चल. चौथ्या मजल्यावरून पार्कात. चार मिनिटं लागतील. नऊ चाळीस अधिक चार, तेरा चाळीस. तेरा चाळीससुद्धा काही वाईट नाही. रिपोर्टात ‘उशिरा पोचलेली एक व्यक्ती’ असं लिहितो. खोटंही नाही आणि अब्रूही राहते.

उर्मिला : आता? भात उतरवायचाय.

अच्युत : भात झालाय. शिट्ट्यांचा हिशेब तूच दिलास.

उर्मिला : आमटी टाकायचीय.

अच्युत : आल्यावर टाक.

उर्मिला : मग तुमचे ते साहेब चार वाजता येणार, घर झाडलेलं नाही...

अच्युत : चार मिनिटांचं काम आहे उर्मिला. चप्पल घाल.

उर्मिला : नाही म्हटलं ना एकदा! एकशे बारा लिहिलंयत, राहू द्या एकशे बारा. कोण मोजायला येतंय? मी काही तक्रार केली का? थट्टा केली, संपलं.

अच्युत : थट्टा संपली, पण रिपोर्ट खोटा राहिला. तो उद्या सगळ्या गावात जाणार. चल, ऊठ.

ओजस्विनी : काका, त्यांना नका नेऊ जिन्यानं.

उर्मिला : ओजस्विनी!

ओजस्विनी : सॉरी काकू. पण यार, किती दिवस?

अच्युत : काय किती दिवस?

उर्मिला : काही नाही. पोरगी काहीही बोलते. तू जा गं, तुझे कुलचे गार होतायत.

ओजस्विनी : नाही जात मी. काका, दिवाळीच्या आधी दोन दिवस लिफ्ट बंद होती नं, तेव्हा काकू दुपारी खाली जायला निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारात बसून गेल्या. मी वर्क फ्रॉम होम होते, दार उघडलं तर काकू पायरीवर, कठडा धरून. दोन तास माझ्या घरी होत्या. खाली जाणं जमेना, वर येणंही जमेना. मग मी आणि अभिषेकनं मिळून वर आणलं. मला शपथ घातली, काकांना सांगायचं नाही म्हणून.

अच्युत : दिवाळीच्या आधी? मी कुठं होतो?

उर्मिला : चंडीगडला, सेक्टर सतराला. बँकेत, हयातीचा दाखला द्यायला. तुम्ही जिवंत आहात हे सांगायला गेला होता.

अच्युत : आणि इथं तू...

उर्मिला : मी पण जिवंतच होते की. नुसते गुडघे चालत नव्हते. अहो, चढताना कठड्याला धरून कसं तरी जमतं. उतरताना पाय पुढे टाकवतच नाही. खालची पायरी लांब लांब वाटते. भीती वाटते मला. झालं समाधान?

अच्युत : पण लिफ्टनं तर रोज जातेस. भाजीला जातेस, सिद्धूंकडे जातेस. मला कसं कळणार?

उर्मिला : नाहीच कळणार. कळू नये म्हणूनच लिफ्टनं जाते.

अच्युत : थांब. मग गेल्या मे महिन्यात? हवाई हल्ल्याचे भोंगे खरे वाजले तेव्हा? अख्ख्या चंडीगडचे दिवे घालवले होते, लिफ्ट बंद केली होती, मी सगळ्यांना पार्किंगमध्ये उतरवत होतो. तू खाली होतीस. तू म्हणालीस, मी सिद्धूंच्या घरच्या बायकांमध्ये होते.

उर्मिला : अंधार होता हो.

अच्युत : तू खाली होतीस ना?

उर्मिला : अंधारात कोण बघतंय कोण आलं, कोण नाही?

अच्युत : उर्मिला, सरळ उत्तर दे.

उर्मिला : नव्हते. इथंच होते. बाथरूममध्ये पाटावर बसले होते, तिथं खिडकी नाही म्हणून. तुमचा आवाज ऐकू येत होता जिन्यातून. घाबरू नका, सगळे आलेत, सगळे आलेत, असं ओरडत होता तुम्ही. म्हटलं, चांगलं चाललंय यांचं.

ओजस्विनी : काकू, तुम्ही एकट्या? हे तर मलाही नव्हतं सांगितलं.

उर्मिला : तू तेव्हा नवी होतीस. आणि सांगून काय करायचं होतं? काही झालं तर नाही ना.

अच्युत : मी दोनदा विचारलं होतं तुला. पार्किंगमधून वर आल्यावर.

उर्मिला : विचारलंत. ‘तू होतीस ना खाली’ असं विचारलंत. मी हो म्हटलं.

अच्युत : मला लाज वाटतेय उर्मिला. शपथेवर सांगतो, आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. एकशे दहा लोकांचे गुडघे, बीपी, शुगर मला तोंडपाठ आहे. गेल्या महिन्यात घरोघरी फॉर्म घेऊन फिरलो, ‘मदत लागणाऱ्या व्यक्ती’. सात नावं जमवली. आपल्या घराचा फॉर्म मी विचारून भरलाच नाही. ‘काही नाही’ लिहून टाकलं.

उर्मिला : बघितला मी तो फॉर्म. टेबलावरच पडला होता. माझ्याकडे पेनही होतं.

अच्युत : मग लिहिलं का नाहीस? तुला एवढी कसली लाज? मी हसलो असतो का?

उर्मिला : लाज नाही हो. तुम्ही हसला असता तर बरं होतं. पण तुम्ही हसत नाही, तुम्ही बंदोबस्त करता. सिद्धूंच्या आईचं नाव लिहिलंत त्या दिवशी घरी येऊन काय म्हणालात? अशा माणसांनी वरच्या मजल्यावर राहूच नये, तळमजला घ्यावा. जेवता जेवता म्हणालात. मी तुम्हाला वाढत होते.

अच्युत : ते सर्वसाधारण मत होतं.

उर्मिला : तुमचं सर्वसाधारण मत आठ दिवसांत टेम्पो बोलावतं. अकरा क्वार्टरं सोडली मी तुमच्यामागं. जालंधर, जोधपूर, ते आसामातलं जळवांचं. दर वेळी भिंतीला खिळा ठोकायच्या आधी विचार करायचा, इथं किती दिवस. चंडीमंदिरचं शेवटचं पोस्टिंग संपलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आता तू सांगशील तिथं घर. मी हे सांगितलं. खरडला चौथा मजला सांगितला. का, तर बाल्कनीतून कसौलीचे डोंगर दिसतात. पाऊस पडून गेला की अगदी जवळ येतात. तळमजल्यावरून काय दिसणार? लोकांच्या गाड्यांची चाकं.

अच्युत : म्हणजे तू घर हलेल म्हणून गप्प बसलीस. मे महिन्यात. भोंगे वाजत असताना.

उर्मिला : हो. येडेपणा म्हणा.

अच्युत : म्हणतो. पण तुला एकटीला नाही, दोघांनाही म्हणतो.

ओजस्विनी : काका, एक बोलू? त्या यादीतली सात नावं आहेत नं, ती सगळी मी टाइप केली. सातही दुसऱ्यांनी दिली आहेत. कुणाच्या सुनेनं, कुणाच्या नातवानं. स्वतःचं नाव स्वतः एकानंही दिलं नाही. म्हणजे ज्यांच्या घरी सांगणारं कोणी नाही, ते यादीतच नाहीत. आणि हाच फॉर्म उद्या सगळ्या खरडला चालला.

अच्युत : बरोबर बोललीस. लिही.

ओजस्विनी : काय लिहू?

अच्युत : रिपोर्ट. एकूण रहिवासी हजर, एकशे बारा. खाली आले, एकशे अकरा. राहिलेली व्यक्ती, उर्मिला, फ्लॅट चारशे तीन. कारण, मजल्याची हजेरी घेणाऱ्यानं स्वतःच्या घरी न बघता टिक केली.

उर्मिला : अहो, गावभर वाटणार आहेत ते! साहेब काय म्हणतील? दोन वर्षं जीव ओतलायत तुम्ही या कामात. लोक हसतील तुम्हाला.

अच्युत : हसू देत. हसले तर लक्षात ठेवतील. पुढे लिही. सूचना. कोणीही स्वतःच्या घराची हजेरी स्वतः घेऊ नये, शेजारच्या मजल्याच्या माणसानं घ्यावी. आणि फॉर्म घेऊन जाणाऱ्यानं ‘मदत लागते का’ असं विचारू नये. लिफ्ट बंद करून, एकदा सोबत जिना उतरून बघावं.

ओजस्विनी : लिहिलं. आणि यादीत आठवं नाव?

अच्युत : ते तिला विचार. मी माझ्या मनानं भरणार नाही आता.

उर्मिला : आधी घराचं बोला.

अच्युत : घर हलणार नाही.

उर्मिला : टेम्पो?

अच्युत : येणार नाही. गुडघ्याच्या डॉक्टरकडे मात्र यायचं. परवा.

उर्मिला : तो ऑपरेशन सांगेल.

अच्युत : सांगू दे. ऐकून तर येऊ. आणि घर इथंच, लेखी हवं का?

उर्मिला : ओजस्विनी साक्षीदार आहे. लिही गं आठवं नाव. आणि वयाच्या रकान्यात जास्त खोलात जाऊ नकोस.

ओजस्विनी : पक्का. प्रत्येक नावाला दोन माणसं द्यायची आहेत. काकूंसाठी एक अभिषेक, समोरच राहतो, मजबूत आहे. दुसरी मी?

अच्युत : दुसरा मी.

ओजस्विनी : नाही जमत काका. तुमचाच नियम, सहा नंबरचा. भोंगा वाजल्यापासून वॉर्डननं पार्कातली जागा सोडायची नाही. काही झालं तरी नाही, असं अंडरलाइन केलंय तुम्ही. लाल पेननं.

अच्युत : नियम चांगला आहे. तसाच ठेव. वॉर्डन बदल.

ओजस्विनी : कोण होणार पण?

अच्युत : तू.

ओजस्विनी : मी? काका, मी भाड्यानं राहते! आणि सिद्धू अंकल माझं ऐकतील का?

अच्युत : आज नऊ चाळीसमध्ये कोणामुळे उतरले ते? मी नुसता ओरडत होतो, नावं तू शोधत होतीस. चार वाजता साहेबांना तूच रिपोर्ट दे.

उर्मिला : अहो, असं लगेच सोडू नका. त्या वॉर्डनच्या बिल्ल्याला रोज सकाळी पॉलिश करता तुम्ही. माझ्यासाठी म्हणून नको. उगाच नंतर घरात बसून माझ्या मिसळणाच्या डब्याची हजेरी घ्याल.

अच्युत : तुझ्यासाठी म्हणून नाही. माझ्यासाठी सोडतोय. पुढच्या भोंग्याला खाली उभं राहून ‘सगळे आलेत’ असं मला नाही ओरडवणार.

ओजस्विनी : काकू, मी जाते, हे फेअर करून आणते. ते कार्ड काढा नं आता. आणि कुलचे खा, सिद्धू आंटी विचारतील.

उर्मिला : जा बाई वॉर्डन. दार ओढून घे. अहो, तुम्ही का असे उभे? बसा की.

अच्युत : बसतो.

उर्मिला : एक विचारू? तो अभिषेक आठवड्यातले तीन दिवस मोहालीच्या ऑफिसात रात्रपाळीला असतो. नेमका तो घरी नसला, तर? तुम्हाला एकट्याला माझं वजन नाही उचलवणार. वर तुमची कंबर जाईल.

अच्युत : नाहीच उचलणार.

उर्मिला : मग काय करणार?

अच्युत : बाथरूममधला पाट मोठा आहे. सरकून बस. कोणी येईपर्यंत बसू.